सुतकातली मूठ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिफणीच्या नळ्या साफ करणं. सकाळची वेळ, माळावरचा गोठा. तिफण वर्षभर आढ्याला टांगलेली असते आणि कुंभारमाशीला वाटतं हे घर आपल्यासाठीच बांधून ठेवलंय. तिन्ही नळ्या मातीनं भरलेल्या. मी तार घालून खरवडत होतो, बुढी, माझी बायको, नळीला तोंड लावून फुंकत होती. मी इकडून डोकावलो आणि तिनं तिकडून फुंकलं, सगळी माती माझ्या तोंडात. ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "तोंड धुवा अन् पाचर ठोका. मले शाळेत जायाचं हाये."

लोक विचारतात, त्या दिवशी काही जाणवलं होतं का. जाणवायला काय, पाचर सैल होती ती जाणवली. ती ठोकली.

तिफण म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, कारण आमच्या गावातही ट्रॅक्टरच फिरतो. तीन फणांचं लाकडी औत. फणांच्या मागं तीन पोकळ नळ्या उभ्या, त्यांच्या डोक्यावर एक लाकडी वाटी, तिला चाडं म्हणतात. बैल ओढतात, गडी कासरा धरून बैलांजवळ चालतो, आणि बाई मागून चालत मुठीतून चाड्यात बी सोडते. सोडते म्हणजे ओतत नाही. दाणा कसा पडेल, दाट का पातळ, ते सगळं त्या मुठीवर. आमच्याकडे पोरगी बघायला गेलं की पूर्वी विचारायचे, मूठ कशी आहे. आता विचारतात, शिक्षण किती.

आमचं खालचं सगळं वावर कापसाचं. माळाचा तुकडा तेवढा बुढीचा. जमिनीच्या पट्ट्यावर नाव माझं, पण पेरा तिच्या मनाचा. ज्वारी, ज्वारीत तूर, मूग, बरबटी, अंबाडी, मूठभर तीळ. एक मेलं तर दुसरं राहतं, एवढाच त्यातला हिशोब. ही मिसळ तिला गोंडगुड्यातल्या, म्हणजे गोंडांच्या वस्तीतल्या, एका म्हातारीनं शिकवली होती, दोघी निंदायला एका ओळीत असत तेव्हा. ज्वारी मात्र तिच्या माहेरची. ती दुकानात मिळत नाही, आणि मडक्यात एक साल जास्त राहिली की अर्ध्या दाण्याला कोंब फुटत नाही. म्हणजे दर सालाला पेरायचीच. एक साल चुकलं की संपली.

मुलाला माळावरही कापूस पाहिजे होता. सरकीची पाकिटं त्यानं आणून ठेवली होती.

"यंदा माळ रिकामा राह्यला त मी सरकी टोबतो," तो म्हणाला.

"राह्यला त टोब," बुढी म्हणाली. "राहू कोण देते?"

पाऊस होऊन गेला होता. माळाची जमीन हलकी, वाफसा धरते तो दोन-तीन दिवस. मग वरची माती तव्यासारखी होते आणि फण वरवर खरडतो. म्हणून ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पेरायचं. तिफण तयार झाली, ती आम्ही गोठ्यातच ठेवली. बुढीनं चाडं सोडवून काखेत मारलं, बियाची थैली घेतली आणि शाळेकडे निघाली. मी मागं मागं. मला कुणी बोलावलं नव्हतं.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणाच्या हद्दीत, म्हणून शाळेत हैदराबादहून मॅडम आली होती. पोरांना जुनं ज्ञान शिकवायचं, म्हणजे हवामान बिघडलंय त्यावर इलाज होईल, असा कार्यक्रम. फळ्यावर तेलुगूत मोठा बोर्ड लावलेला, 'वातावरण मार्पु', म्हणजे हवामानबदल, आणि पुढं बरंच काही. हवामान बदललंय हे आम्हाला सांगायला गाडी आली होती. ती शाळेच्या लिंबाखाली उभी, इंजन सुरू, आत डायवर थंड हवेत झोपलेला. दुपारी शाळेत रांधणाऱ्या बाया ज्या सावलीला तांदूळ निवडतात ती सावली गाडीनं घेतली. बाया उन्हात.

मॅडमला खरं तर आम्ही नकोच होतो. तिला आदिवासी पाहिजे होते. ती आधी गोंडगुड्यावर गेली होती. तिथल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, आज बाजार आहे, ज्ञान उद्या. मग शाळेच्या मास्तरनं बुढीचं नाव सुचवलं. हा मास्तर आमच्या गावचाच, बौद्ध. त्याची आई आमच्या वावरात बुढीबरोबर निंदायला यायची. पोरगं शिकलं, मास्तर झालं, शर्ट खोचून फिरतं. बोलायला नीट आहे. मॅडम हिंदीत बोलणार, मास्तर मराठी करणार, अशी व्यवस्था.

मॅडमनं पहिलाच प्रश्न केला, तुम्ही आदिवासी आहात ना?

"नाई," बुढी म्हणाली.

मॅडमचा चेहरा पडला. मास्तर म्हणाला, मॅडम, यांची शेती जुन्या पद्धतीची आहे. मॅडमनं कागदावर काहीतरी खोडलं आणि दुसरं लिहिलं. मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो. त्या बाकावर आमची नात पण होती, मुलाची मुलगी, कॉलेजात जाते. ती या कार्यक्रमाची स्वयंसेवक. गळ्यात दोरी, दोरीला तिचा फोटो. घरात रोज पाहतो तो चेहरा गळ्यात कशाला टांगायचा, मी विचारलं. "आबाजी, चुप बसा जरा," ती म्हणाली.

भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त. कावळ्यानं घरटं झाडाच्या अमक्या बाजूला बांधलं तर पाऊस कमी. चित्रं सुंदर होती. टिटवी तर इतकी गुटगुटीत की कोंबडी वाटावी.

मॅडम म्हणाली, "अम्मा, बारिश के पहले पक्षी क्या बताते हैं, बच्चों को बताइए."

बुढी तक्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पक्षी काय सांगतेत ते पक्ष्याइले विचारा. मले त त्याईनं मांगच्या साली फसवलं."

मास्तरनं ते हिंदीत केलं नाही. बुढी त्याच्याकडे वळली. "सांग ना बापा तिले. टिटवीनं धुऱ्यावर वर अंडे घातले होते. म्या म्हनलं, पानी लय. पेरलं दाट. मंग पुरा महिना ढग दिसला नाई. दाट पेरलेलं एकमेकाचं पानी खाऊन मेलं. आता टिटवीचंबी बिघडलं अन् कावळ्याचंबी. त्याईलेच समजून नाई राह्यलं त ते आपल्याले काय सांगतीन? ह्या पोराइले काऊन फसवता?"

पोरं हसली. मॅडमला मास्तरनं थोडंफार सांगितलं. मॅडम म्हणाली, हे फार महत्त्वाचं आहे, आणि तक्ता तसाच राहू दिला. छापून आणलेला तक्ता, त्याला कोण काढणार.

आमची बुढी काही गरीब गाय नव्हती. तिला दोन माणसांसमोर बोलायला मिळालं की तिला चढायचं. ती उभी राहिली. पोरांना म्हणाली, "चाडं पाह्यलं का कोनी?" कुणी नाही. कास्तकाराची पोरं. एक पोरगं म्हणालं, कुंकू ठेवायचं आहे का. बुढीनं चाडं बाकावर ठेवलं, थैली सोडली, आणि एकेकाला मूठ भरायला लावली. कुणी चिमटीत धरलं, कुणी ओंजळ केली, एकानं तर सगळं एकदम चाड्यात ओतलं आणि हात झटकले.

"हे पेरलं का बकरीले घातलं?" बुढीनं विचारलं.

मास्तरची पोरगी पण त्यात होती. नववीतली, चष्मेवाली, अंगानं काडी. तिनं मूठ धरली. बुढीनं तिची बोटं पकडून करंगळीकडून सैल केली. "मूठ मोठी, सोड बारीक. पयले हा आखा दाना जाऊ दे, मंग दुसरा. घाई कोनाले हाये? मास्तरले हाये. त्याले घरी जायाचं." पोरीच्या हातून दाणे एकेक पडायला लागले. मॅडमनं फोटो काढला. मग म्हणाली, अम्मा, परत एकदा करा, उजेड नव्हता. बुढीनं परत केलं. परत एकदा, या बाजूनं. तिसऱ्या वेळी बुढीनं थैलीचं तोंड बांधलं.

"बाकावर मूठ शिकत नाई," ती पोरांना म्हणाली. "पायाखाली ढेकूळ पाह्यजे. बैल वढत असला अन् तुमी ठेचाळत असले, तवा मूठ कशी राह्यते ते पाह्यजे. उद्या सकायी माळावर या. माही पेरनी हाये. ज्याले शिकाचं त्यानं याचं."

मॅडम म्हणाली, उद्याच्या कार्यक्रमात पोस्टर स्पर्धा आहे. विषय, आपली माती.

"मंग मातीचं चित्र काढा," बुढी म्हणाली.

थैली आणि चाडं तिनं मास्तरच्या हाती दिलं. "हे कपाटात ठेव. म्या आता उन्हात उचलून नेत नाई. उद्या पोराइसंगं माळावर आनजो." मास्तरनं ठेवलं. बुढीला शाल दिली, त्या जूनच्या उकाड्यात शाल. ती तिनं घडी करून डोक्यावर घेतली, उन्हाला आड म्हणून, आणि आम्ही घरी निघालो. पाऊस पडून गेल्यावरचं ऊन फार वाईट. खालून वाफ, वरून आग. रस्ताभर ती मॅडमबद्दल बडबडत होती. पोरगी वाईट नाही म्हणाली, फक्त तिला कुणी काम दिलेलं नाही.

घरी येऊन ती छपरीत खांबाला टेकून बसली. "पानी आना," म्हणाली. मी आणायला गेलो. माठ दाराजवळच आहे, दूर नाही. मी आलो तर मान कलती. मी म्हटलं, झोपली. म्हटलं, बरं झालं, तोंड तरी बंद झालं. आणि मग तांब्या खाली ठेवला.

दवाखान्याची गाडी आली, पाहिलं, गेली. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. मुलानं अग्नी दिला. पैनगंगेकडचा वारा होता, जाळ सरळ वर गेला नाही, आडवाच पडत होता. बाया म्हणत होत्या, तिचा जीव कशात तरी अडकलाय. मला हे बोलणं आवडत नाही. माणूस मेलं की लगेच त्याच्या जिवाचं सगळ्यांना कळतं. जिवंत होती तेव्हा तिच्या गुडघ्याचं कुणाला कळत नव्हतं.

संध्याकाळी छपरीत माणसं बसली. दिवे लागायच्या वेळेला मॅडम पण आली. खरं सांगतो, ती रडली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर चांगल्या कपड्यांनी बसली आणि नाक पुसत रडली. मला बरं वाटलं होतं. मग ती म्हणाली, उद्याची पोस्टर स्पर्धा आम्ही अम्माच्या आठवणीत घेऊ, आणि ते चाडं शाळेत ज्ञानाचा एक कोपरा करून तिथं ठेवायला द्याल का. काचेत.

मी म्हटलं, "काचीत ठेवून त्यात काय पेरता?" नातीनं ते हिंदीत केलं नाही. त्या दिवशी माझ्या घरात कुणीच कुणाचं पूर्ण हिंदी करत नव्हतं.

मॅडम गेल्यावर माणसं वावराकडे वळली. मयताच्या घरी माणसं थोडा वेळ मेलेल्याचं बोलतात आणि मग पावसाचं. माझा एक चुलतभाऊ आहे, माझ्याहून म्हातारा, गावात धर्माचं सगळं तोच सांगतो. तो म्हणाला, "आता माळ राह्यला. सुतकात तिफनीले हात लागत नाई."

"राह्यला," मुलगा म्हणाला. तो वाईट नाही. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले, आईसाठी खराच रडत होता. पण त्याच्या मनात सरकी होती, मला दिसत होतं. सुतक फिटेपर्यंत माळ तवा होणार. मग त्यात सरकीच टोबायची, वरून पाणी घालून. आणि न पेरलेलं बी पुढच्या सालापर्यंत कण्या करायच्या लायकीचं. कुणावर दोष नाही, सगळं रीतीनंच संपणार होतं.

बुढी गेली हे मला कळत होतं, पण उद्या सकाळी पेरायचं आहे हे पण डोक्यात तसंच बसलं होतं, आणि दोन्ही एकत्र बसत नव्हतं.

तेवढ्यात दारात मास्तरची पोरगी आली. चष्मेवाली. मागं मास्तर उभा. पोरगी म्हणाली, "आबाजी, आजीनं उद्या सकायी माळावर बोलावलं होतं. यायचं का?"

चुलतभावानं तिला झापलं. "घरात मयत झाली अन् तू इचारतं यायचं का? काही समजते का मास्तर, पोरीले काय शिकवलं?"

मास्तर कानकोंडा झाला. पोरीचा हात धरून मागं ओढायला लागला. ती हलेना. तिला खरंच समजलं नव्हतं. एकानं यायला सांगितलं आहे, तो मेला, तर सांगणं रद्द होतं का, हे तिला विचारायचं होतं. प्रश्न काही वाकडा नव्हता.

मी विचारलं, "तुमाले सुतक हाये का?"

"कोनाले?"

"तुले. तुह्या बापाले."

मास्तर म्हणाला, "आमाले कशाचं सुतक आबाजी? आमी कुठं तुमच्यातले. अन् तसंबी आमी ते पाळत नाई."

"मंग तिफन धरता येते का तुले?"

मास्तरनं आधी चुलतभावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाप धरत होता. म्या लहानपनी धरली हाये. सरळ येईन का नाई, सांगता येत नाई."

चुलतभाऊ सावरून बसला. म्हणाला, घरातलं बी सुतकात आहे, ते बाहेर निघत नाही. मी म्हटलं, बी घरात आहे कुठं, शाळेच्या कपाटात आहे. तिफण? माळावरच्या गोठ्यात. बैल? मी म्हटलं, बैलाला सुतक लागतं हे कोणत्या पोथीत आहे ते दाखव. त्यानं मास्तरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अन् त्याइच्या हातानं पेरनार तू? पयली मूठ?"

हे तो मास्तरच्या तोंडावर म्हणाला. मास्तर जमिनीकडे पाहत होता. त्याला सवय असावी, पण सवय झाली म्हणून लागत नाही असं थोडंच आहे.

मी म्हटलं, "ह्याच्या मायनं तीस साल तुह्या वावरातला कापूस येचला. तो तू इकला. पैसे घेतले. तवा हात चालला. आता दाना मातीत टाकाचा त हात चालत नाई?"

"ते येगळं."

"काय येगळं?"

तो उठून गेला. जाताना म्हणाला, बायको गेली म्हणून डोकं फिरलंय याचं. ते खरं असेल. फिरू द्या.

मुलगा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "बाबा, लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, लोकांना सरकी टोबू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडायच्या आत उठलो आणि माळावर गेलो. मयताच्या घरचा म्हातारा असा फिरत नाही. वाटेत दोघं-तिघं भेटले, बाजूला झाले. नात माझ्या मागं आली. तिलाही सुतक, तिलाही काही धरायची मुभा नव्हती. बुढीच्या खालोखाल हात बसला होता तो तिचाच, सुट्टीत आजीबरोबर चाडं धरायची. आणि तीच रिकामी. ज्याला येतं त्यानं बसायचं आणि ज्याला येत नाही त्यानं पेरायचं. रीत आहे बाबा.

आम्ही दोघं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलो. मास्तर आला, त्याच्याबरोबर पोरं. जास्त नव्हती. त्यातली अर्धी पोस्टर स्पर्धेतून पळालेली, आजीचं ज्ञान वगैरे त्यांच्या डोक्यात काही नव्हतं, चित्र काढायचा कंटाळा होता. मास्तरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. पाय दुधासारखे. त्यानं बैल जुंपले तेव्हा डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे जुंपला, आणि बैल अडून उभे राहिले. त्यांना त्यांची बाजू माहीत असते. मी धुऱ्यावरून सांगितलं. त्यानं परत सोडले, परत जुंपले. चाडं बांधलं. एक पोरगं पुढं झालं, मी धरतो म्हणालं. धरलं, आणि दहा पावलांत थैलीतलं एवढं ओतलं की मी धुऱ्यावर उभा राहिलो.

"अरे, तुह्या बारशाच्या घुगऱ्या हायेत का त्या?"

पोरगं म्हणालं, "एमि?" ते तेलुगू घरातलं होतं, काय म्हणून विचारत होतं. नातीनं त्याला तेलुगूत सांगितलं. मी जे बोललो त्यापेक्षा बरंच कमी सांगितलं असावं, कारण ते हसलं.

मग मास्तरची पोरगी आली. चपला काढून धुऱ्यावर नीट जोडीनं ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. ओटीत बी घेतलं. मूठ धरली. मास्तरनं बैलांना हाक दिली आणि तिफण निघाली. तास, म्हणजे फणांची रेघ, वाकडं, सापासारखं. ती ठेचाळत मागं. ढेकळावर पाय पडला की मूठ हलायची, मूठ हलली की दाणे भसकन जायचे, मग ती घाबरून मूठ आवळायची आणि हातभर जागा कोरडी. मी इकडून ओरडत होतो. नात तेलुगूत, मराठीत, दोन्हीत ओरडत होती. तिचे हात मांडीवर तसेच हलत होते, मूठ धरल्यासारखे. पाहवेना मला.

पोरगी थांबली. बैल थांबले. तिनं वळून विचारलं, "आबाजी, मूठ संपत आली की काय करायचं? चालता चालता दुसरी घ्यायची, का थांबायचं? अन् दुसरी घेईपर्यंत चाड्यात कोन सोडते?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मास्तर, पोरं, नात.

मला माहीत नव्हतं.

एवढी सालं पेरलं आम्ही, मी कायम पुढं बैलांजवळ. माझी बैलजोडी कधीच गरीब नसायची, नजर सगळी तासावर आणि शिंगांवर. बुढी मागं. तिची मूठ मी एकदाही नीट पाहिली नाही. शाळेत मॅडमसमोर तिनं पोरीची बोटं धरली तेव्हाच मी पहिल्यांदा पाहिलं की सुरुवात करंगळीकडून होते. आणि सकाळपासून मी सगळ्यांवर असा ओरडत होतो जसा काही माझाच हात होता तो.

नात म्हणाली, "दोन हात, वं. एक सोडत राह्यते, दुसरा ओटीतून घेते. संपाच्या आधी घ्यायचं." पोरीनं मान डोलावली. करून पाहिलं. ओटीतला हात चुकला, थोडे दाणे जमिनीवर सांडले. पाखरांचं भलं झालं.

"चालते तसं," नात म्हणाली. "पन दाट पडून राह्यलं का पातळ, हे इथून दिसत नाई."

दिसत नाही हे बरोबर. पण ऐकू येतं. हे मला तेव्हा आठवलं, आधी कधी मनात आलं नव्हतं. मागं बुढीची मूठ चालायची त्याचा नळ्यांतून आवाज यायचा, बारीक, चाळणीतून कणी गळते तसा. तो आवाज नीट असला की मला काही वाटायचं नाही. जाड झाला की मी न वळता म्हणायचो, काय वं, ढग पाह्यला का? आणि ती सैल करायची. एकदाही वळून पाहिलं नसेल मी.

मी धुऱ्यावरून उतरलो. चुलतभावाचा मुलगा खालच्या वाटेनं पाणी भरायला चालला होता, तो उभा राहून पाहायला लागला, म्हाताऱ्यानं तिफणीला हात लावला की गावभर सांगायला मोकळा. मी हात नाही लावला. हात मागं बांधले, एकमेकांत धरले, आणि बैलांच्या बाजूनं पुढं चालायला लागलो. पोरांना म्हटलं, ज्याला बोलायचं त्यानं धुऱ्यावर जाऊन बोलायचं. मास्तरला म्हटलं, "तू कासरा धर अन् तोंड बंद ठेव. माह्या पायाच्या मांगं सरळ ये."

तिफण निघाली. मागं नळ्यांतून आवाज यायला लागला. भसाभस.

"दाट," मी म्हटलं. "पोत्याचं तोंड सुटलं का?"

आवाज कमी झाला. फारच कमी. बंद.

"आता उपास. सोड, सोड. करंगळी."

परत आला. थोडा. तुटत तुटत. मी वळलो नाही. तासाच्या शेवटापर्यंत गेलो, बैल वळवायला मास्तरला जमेना, दोनदा गोल फिरला, पोरं हसली. पोरगी चष्मा वर सारत, ओटी सांभाळत उभी होती. घामानं तिचा चष्मा सारखा घसरत होता आणि तिला हात मोकळा नव्हता. नातीनं धुऱ्यावरून आपल्या गळ्यातली ती फोटोची दोरी काढून तिच्याकडे फेकली. चष्म्याला बांध म्हणाली. बांधली तिनं. तिच्या डोक्यामागं आमच्या नातीचा फोटो लटकत होता.

"चाल," मी म्हटलं, आणि पुढच्या तासाला लागलो.

"आबाजी, आता कसं हाये?" ती मागून विचारत होती.

"वाईट हाये," मी म्हटलं. "थांबू नको."